दुसऱ्यांच्या वेण्या

मी मत्सरी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत नको. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी अजून निवळलेली नाही. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या या सातव्या मजल्यावर शेजारणीच्या कुंडीतला कढीपत्ता माझ्या कुंडीतल्यापेक्षा टवटवीत दिसला तरी माझा सकाळचा चहा कडू होतो. खालच्या बागेत दुसऱ्या कुणाच्या नातवंडाने आपल्या आजीचा हात धरलेला दिसला की मी मान वळवते, माझी स्वतःची नात माझ्याच शेजारी उभी असली तरी. पण हे सगळे उरलेसुरले, किरकोळ हेवे. खरा, भरपेट हेवा मी केला तो लहानपणी, यशवंतपूरला, आमच्या गल्लीतल्या सरकारी शाळेत. तो दागिन्यांचा नव्हता आणि गुणांचाही नव्हता. माझ्या आईचे जे अनेक वाटेकरी होते, त्यांचा होता.

यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या पाठीमागे आमची गल्ली. मराठी बोलणारी थोडीशी घरं, एकमेकांना चिकटून, आणि टोकाला अंबाबाईचं देऊळ. आम्ही इथे कधी आलो हे नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्यांना विचारलं की "फौजेबरोबर आलो" एवढंच सांगत, आणि कुठली फौज ते विचारायच्या आत पान जुळवायला घेत. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगलं की दोन्ही. पहाटे मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज यायचा, एकामागून एक, लांब लांब जात विरणारा. मग हमालांच्या हाका. मिरचीची पोती उतरायला लागली की सगळी गल्ली शिंकत उठायची. घरात आम्ही चौघं: अप्पा, जे एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते, अप्पांची विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या, जिच्या हातात स्वयंपाकघर होतं, आई, आणि मी. समोरच्या घरात काका, काकू आणि त्यांची सुमन, माझ्याच वयाची. काकांचा कांद्याचा धंदा होता, त्यामुळे त्यांच्या घरात रेडिओ होता, पंखा होता आणि सगळ्याला कांद्याचा वास होता.

आई म्हणते आहे खरी, पण तिला 'आई' अशी हाक मी कधी मारलीच नव्हती. अप्पांची धाकटी भावंडं तिला अक्का म्हणत, म्हणून गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही अक्का. आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच होतं. पोर बोलायला लागलं की कानावर पडेल ती हाक उचलायचं आणि पुढे ती कुणी बदलायचं नाही. शाळेत ती हेडमिस्ट्रेस, तिथे ती सगळ्यांची 'टीचर'. माझ्या पहिलीच्या पहिल्या दिवशी फाटकाशी थांबून तिने मला बजावलं होतं, "इथून आत मी टीचर. कळलं?" म्हणजे घरी ती गल्लीची आणि शाळेत ती शाळेची. तिला हाक मारायला माझा एकटीचा असा शब्द माझ्याकडे नव्हता. माझी सून पुण्याची आहे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून मला 'आई' म्हणते, इतकं सहज, जेवताना मीठ मागावं तसं. मला तिचाही हेवा वाटतो.

शाळा देवळाला लागून होती. जागा आमच्या लोकांची, इमारत सरकारची, माध्यम कन्नड, आणि शनिवारी शेवटचा तास मराठीचा, तोही अक्काच्या हट्टामुळे. एके काळी गल्लीतली सगळी पोरं तिथेच शिकली. मग मोठ्या रस्त्यापलीकडच्या कॉन्व्हेंटने व्हॅन सुरू केली. पहिल्यांदा सुमन गेली. मग तिच्या शेजारचे दोघे गेले, मग त्यांच्या शेजारची. ज्या घरांत पोरांच्या अभ्यासाकडे लक्ष असायचं तीच घरं आधी फुटली, त्यामुळे हजेरी तर घसरलीच, सातवीचा निकालही घसरला, आणि निकाल घसरला म्हणून आणखी पोरं गेली. उरली ती बाजारातल्या हमालांची आणि फुलं विकणाऱ्या बायकांची पोरं, आणि मी. खात्याकडून निरोप यायला लागले की असंच चाललं तर तुमची शाळा रुळांपलीकडच्या शाळेत मिसळून टाकू. बोलायला सोपं होतं. पण मध्ये मालगाड्यांचे रूळ होते, आणि एकही हमाल आपल्या मुलीला ते ओलांडून शाळेत पाठवणार नव्हता. "रुळांपलीकडं शाळा गेली की माझ्या पोरी घरी बसतील," असं अक्का जेवताना अप्पांना म्हणायची. 'माझ्या पोरी' हे दोन शब्द ती ज्या आवाजात म्हणायची, त्या आवाजाने माझा घास हातातच राहायचा. तिची पोरगी तिच्यासमोर ताट घेऊन बसलेली होती.

मे महिन्याच्या शेवटी ती दारोदार जायची, पोरं गोळा करायला. हातात कुंकवाचा करंडा, पदराला खडीसाखरेची पुरचुंडी, आणि बरोबर मी. मला नमुना म्हणून नेलं जायचं. ओट्यावर बायका जमल्या की अक्का मला पुढे करायची आणि मी सतराचा पाढा म्हणायची, मग कन्नडमधली एक कविता, मग कर्नाटकातल्या नद्या. सगळं झालं की अक्का म्हणायची, "ही माझीच. हिलाही मी इथंच घातलीय. दुसरीकडं चांगलं असतं तर हिला तिकडं नसती घातली?" बायका माझी हनुवटी धरून कौतुक करायच्या, खडीसाखर घ्यायच्या, हो म्हणायच्या, आणि शाळा सुरू झाली की त्यांच्या दाराशी व्हॅन येऊन उभी राहायची. काकूचं उत्तर तर दरवर्षी ठरलेलं. "अक्का, तुमची शाळा वाईट म्हणून नाही हां. सुमनला तिकडची सवय झाली बगा, एवढंच." सुमन आतून नव्या वर्षाचे नवे बूट घेऊन यायची, काळे, बक्कलवाले, आणि ते मला हातात धरू द्यायची. ती मनाने वाईट नव्हती, हेच तर अवघड होतं. मी ते बूट हातात धरायची, त्यांचा वास घ्यायची आणि परत द्यायची.

पण बुटांचं दुखणं वरवरचं. खरं दुखणं केसांचं होतं. अक्का सकाळी प्रार्थनेच्या बरीच आधी शाळेत जायची, कारण हमालांच्या पोरी उठल्या तशाच यायच्या, डोक्यावर गुंता घेऊन. त्यांच्या आया अंधारातच बाजारात गेलेल्या असायच्या. शाळेच्या कपाटात खडूच्या खोक्याशेजारी खोबरेल तेलाची बाटली, एक लाकडी फणी आणि लाल रिबिनींची गुंडाळी असायची. व्हरांड्याच्या पायरीवर बसून अक्का एकेकीला पुढ्यात घ्यायची, तेल चोपडायची, गुंता सोडवायची, आणि सोडवता सोडवता तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. माझी वेणी घालायची आत्या. आत्याचा हात जड होता आणि तिचं लक्ष चुलीवरच्या भाताकडे असायचं. एकदा मी मुद्दाम केस न विंचरता शाळेत गेले आणि त्या पोरींच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा अक्काने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुला घरी आत्या आहे ना. जा, घालून ये." मी घरी आले. आत्याने भात उतरवला, माझी वेणी घातली आणि वर दोन शब्द सुनावले.

पुढे कित्येक वर्षांनी अक्का गेली तेव्हा कुठून कुठून बायका आल्या होत्या. त्यांच्यातल्या काहीजणी माझ्यापेक्षा जोरात रडल्या. एक तर चांगल्या हुद्द्यावरची, गाडीतून आलेली, माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "त्या माझ्याही अम्माच होत्या." मी म्हटलं, "सरी." कन्नडमधलं नुसतं 'बरं'. यापेक्षा जास्त मला जमलं नाही.

त्या शाळेच्या दिवसांत संध्याकाळीही सुटका नव्हती. कॉन्व्हेंटमध्ये गणित इंग्रजीतून, त्यामुळे सुमनला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि काकूला इंग्रजीतला आकडासुद्धा वाचता येत नव्हता. म्हणून दिवेलागणीला सुमन दप्तर घेऊन आमच्याकडे यायची. अक्का तिला जवळ बसवून घ्यायची आणि कांद्याच्या पोत्यांवर भागाकार शिकवायची. एवढी पोती, एवढे हमाल, प्रत्येकाच्या वाट्याला किती, आणि उरलेली पोती गोदामात. ही पोत्यांची रीत अक्काने माझ्यासाठी शोधून काढली होती, मी तापात पडले होते आणि भागाकार डोक्यात शिरत नव्हता तेव्हा. ती तिने सुमनला सरळ देऊन टाकली, मला न विचारता. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकत राहायची. सुमनला उत्तर आलं की अक्का तिच्या पाठीवर थाप मारायची, आणि आत्या आतून म्हणायची, "सुमे, जेवूनच जा गे." सुमन जेवूनच जायची. ज्या शाळेने अक्काची पोरं पळवली तिचा अभ्यास अक्काच करून घेते, हे माझ्याशिवाय कुणालाच खटकत नव्हतं.

एका वर्षी अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, दिवसांत निरोप आला की इन्स्पेक्टर येणार. पट बघणार, पोरांना प्रश्न विचारणार आणि शाळेचं काय करायचं ते ठरवणार. थंडीच्या त्या आठवड्यांत आमच्या गल्लीत दुसरा वास नसतोच. अवऱ्याच्या शेंगा ढिगांनी येतात, दाणे भिजवायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचा. बायका देवळाच्या ओट्यावर परात मध्ये ठेवून बसतात आणि गावभरच्या गोष्टी त्या परातीभोवती ठरतात. शाळेचंही तिथेच ठरलं. अक्काही बसली होती, पण तिच्या चिमटीतले दाणे परातीबाहेर पडत होते. देवळाचे पंच हनुमंतण्णा, आमच्या लोकांत सगळ्यांत वडीलधारे, खांबाला टेकून म्हणाले, "अक्का, असं करू. आपली कॉन्व्हेंटची पोरं एक दिवस इकडं बसवू. साहेब येईल, मोजेल, जाईल."

"मी खोटं करणार नाही, अण्णा."

"खोटं कुठलं? पोरं आपलीच की."

"शाळा त्यांची नाही."

काकू दाणे सोलता सोलता म्हणाली, "नाताळची सुट्टी आहे बगा त्यांना. घरात बसून स्वल्प जास्तच मस्ती करतात. एक दिवस कशाला, आठवडाभर न्या."

अक्काचा हात थांबला. तिने त्या पोरांची नावं पटावरून कधी कमीच केली नव्हती. दरवर्षी परत येतील म्हणून ठेवत गेली होती, आणि त्यापायी वरच्यांची बोलणीही खाल्ली होती. मग म्हणाली, "आठवडाभर येणार असतील, बसणार असतील, शिकणार असतील, तर ती माझी पोरं. एक दिवसाची नकोत." हनुमंतण्णा म्हणाले, "सरी, आठवडा तर आठवडा." एवढे वाटेकरी कमी होते म्हणून आता व्हॅनमधलेही आले.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. ती पोरं आली आणि शाळेला जणू पाहुणे आले. ती उठून उभी राहायची तीच एका सुरात, "गुड मॉर्निंग टीचर" असं लांबवत. खाण्याआधी आणि प्रार्थनेनंतर डोळे मिटून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवायची. त्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तिथे सगळेच करतात म्हणून सवय लागलेली. आमच्या हमालांच्या पोरींना तर ते फारच आवडलं. त्यांनी दोन दिवसांत उचललं आणि खेळातही करायला लागल्या. सुमनला पुढच्या बाकावर बसवलं. तिच्याकडे बघून बाकीच्या पोरी ताठ बसायला शिकल्या. मला अक्काने मागे, भिंतीला लागून बसवलं. "तू उत्तर द्यायचं नाहीस," ती आदल्या संध्याकाळी घरी म्हणाली. "तू बोललीस की म्हणतील, स्वतःच्या पोरीला घरी पढवली." मला शाळेतलं सगळं येत होतं. येत होतं म्हणूनच मला दारोदार फिरवलं होतं. आणि ज्या दिवशी ते येण्याला काही किंमत होती, त्या दिवशी मला भिंत दिली.

इन्स्पेक्टर बारीक अंगाचे, हळू बोलणारे होते. वर्गात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, हे मला अजून आठवतं. शाळेच्या मागे बायकांनी अवऱ्याचं सारू, म्हणजे पातळ आमटी, आणि उप्पीट रांधलं होतं, त्याचा वास खिडकीतून येत होता. हनुमंतण्णा फेटा बांधून दाराशी उभे. आधी प्रार्थना. सगळ्यांनी हात जोडून कन्नड प्रार्थना म्हटली, नीट, न चुकता. शेवटची ओळ संपली आणि सुमनचा हात कपाळाकडे गेला. तिच्यामागोमाग व्हॅनच्या सगळ्या पोरांचे हात गेले, आणि आठवडाभर सराव झालेल्या हमालांच्या पोरींचेही गेले. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. सरकारी शाळेतला अख्खा वर्ग क्रूसाची खूण करून मोकळा झाला. वर्गात हात खाली ठेवून उभी होते ती मी एकटी.

अक्काचा चेहरा पांढरा पडला. इन्स्पेक्टरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "मुली," ते कन्नडमध्ये म्हणाले, "सगळ्यांनी केलं. तू का नाही केलंस?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. सुमनही वळली, तोंड उघडं टाकून. काय झालं ते तिला तेव्हा कुठे कळलं असावं. आणि अक्का माझ्याकडे बघत होती. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती फक्त माझ्याकडे बघत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं: ही पोरं इथली नाहीत. ते जिभेवर तयार होतं. नुसतं तयार नव्हतं, ते गोड लागत होतं. सुमन उठून जाईल, बूट घालून व्हॅनमध्ये बसेल. मग मला रुळांचं आठवलं असं सांगता आलं तर बरं दिसेल, पण रूळबीळ मला आठवले नाहीत. मला एवढंच दिसलं की मी ते वाक्य बोलले तर अक्का पुन्हा कधी माझ्याकडे अशी बघणार नाही.

"विसरले," मी म्हटलं. आणि हात कपाळाला लावून क्रूस केला. तोही उलटा, आधी उजवा खांदा.

हनुमंतण्णा पुढे सरसावले. "साहेब, आमच्या टीचर पोरांना सगळ्या देवांना नमस्कार करायला शिकवतात. मंगळवारी अंबाबाई, शुक्रवारी हे बाजूच्या दर्ग्याला, आणि आता नाताळ आहे की." त्यांनी हे सगळं त्या क्षणी रचलं होतं. इन्स्पेक्टरांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी सुमनला भागाकार घातला. सुमनने पोती वाटली, उरलेली गोदामात टाकली आणि बरोबर उत्तर दिलं. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. "आमच्या टीचरनी," सुमन म्हणाली. "रोज संध्याकाळी घरी बसवून शिकवतात. जेवायलापण घालतात." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी भिंतीला टेकून माझ्या पोत्यांचं कौतुक ऐकत राहिले. मला पुढे कुणी काही विचारलं नाही. सबंध तपासणीत माझ्या तोंडून निघालेला शब्द तो एकच, की मी विसरले. सतराचा पाढा पाठ असणारी मी.

शाळा वाचली. साहेबांनी उप्पीट दोनदा घेतलं, पोरांची पाठ थोपटली, आणि रुळांपलीकडची गोष्ट पुढे काही वर्षं कुणी काढली नाही. हल्ली तिथे मेट्रो आहे, शाळेच्या भिंतीवर आगगाडीचे डबे रंगवले आहेत, आणि माझ्या कानावर येतं की तिथली आत्ताची टीचर अजून मे महिन्यात दारोदार जाते. बरोबर नमुना नेते की नाही, ते ठाऊक नाही.

पण त्याच साहेबांनी वर लिहिलं की अशा बाईंची खरी गरज दुसरीकडे आहे. काही आठवड्यांनी अक्काची शहराबाहेर होसकोट्याला बदली झाली. तिथली शाळा ओस पडत चालली होती, निकाल वाईट, पोरं येत नव्हती. गल्लीत सुतक पडल्यासारखं झालं. शाळा वाचवायला सगळ्यांनी मिळून जी युक्ती केली, ती इतकी छान जमली की शाळेची टीचरच गेली. अप्पा शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्या माणसाला सगळं कळलं होतं, ही त्याने केलेली शिक्षा. अक्का म्हणायची, नाही, तो मनापासून खूश झाला होता. हमालांच्या पोरी फाटकाला धरून रडल्या. सुमन आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली, कारण अक्का आता दिवेलागणीनंतर दमूनभागून येणार, गणित कोण घेणार. मी मात्र रडले नाही. मी सगळ्यांना रडताना बघत होते आणि मला फार वर्षांनी बरं वाटत होतं.

काका आले आणि अप्पांना म्हणाले, "आता हिला इथं ठेवून काय करतोस? अक्का तर नाही. सुमनबरोबर कॉन्व्हेंटला जाऊ दे. मी बघतो काय ते." काळे बूट, टाय, व्हॅनची पायरी, सगळं एका वाक्यात माझ्यासमोर येऊन पडलं. अप्पांनी अक्काकडे बघितलं, अक्काने माझ्याकडे.

"जातेस?" तिने विचारलं.

"नाही. मी होसकोट्याला येते."

"दोन बस बदलाव्या लागतात. पहाटे उठावं लागेल."

"उठते."

सगळ्यांना वाटलं पोर किती गुणी, आईला एकटं सोडत नाही. आत्याने तर माझी दृष्ट काढली. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. येता-जाता बसमध्ये अक्का माझी एकटीची असणार होती, आणि सुमन समोरच्या घरात असूनही तिला ती मिळणार नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही दिवे चालू असतानाच निघालो. आत्या अजून चूल पेटवत होती, त्यामुळे माझी वेणी राहिली. दुसऱ्या बसमध्ये आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. बस शहराबाहेर पडली, उजाडायला लागलं, आणि अक्काने पिशवीतून फणी काढली. शाळेच्या कपाटातली ती लाकडी फणी तिने बरोबर घेतली होती. तिने मला पाठमोरी बसवलं आणि माझे केस सोडले. बस खड्ड्यांतून आदळत होती, तरी तिच्या हाताने माझा एकही केस ओढला गेला नाही. आत्या आणि ती यांच्या हातात इतका फरक असेल हे मला माहीत नव्हतं. तिने केसांचे तीन पेड केले. मग माझ्या डोक्यामागून म्हणाली, "त्या दिवशी तू विसरली नव्हतीस."

तिने वेणी घातली, रिबीन बांधली, आणि वेणी माझ्या खांद्यावरून पुढे आणून ठेवली. होसकोटे येईपर्यंत मी त्या वेणीचं टोक हातात धरून बसले होते.

होसकोट्याची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक चिंचेचं झाड. नवी टीचर येणार हे कळल्यामुळे थोड्या पोरी झाडाखाली जमल्या होत्या, तशाच, उठल्या तशा. त्यांतली एक सगळ्यांत लहान, नाक वाहतंय, डोक्यावर जट व्हायला आलेली. अक्का पायरीवर बसली. तिने पिशवीतून तीच फणी काढली, माझे दोन केस तिच्यात अडकले होते ते ओढून फेकले, आणि त्या पोरीला पुढ्यात घेतलं. मला पिशव्या घेऊन आत जायला सांगितलं होतं. मी गेले नाही. ती पोर डोळे मिटून, मान सैल सोडून बसली, जशी मी मघाशी बसमध्ये बसले होते तशी. मध्येच एक डोळा उघडून तिने मला कन्नडमध्ये विचारलं, "टीचर तुझ्या कोण?"

शाळेच्या फाटकाच्या आत आम्ही होतो. तिथे काय म्हणायचं ते मला पहिलीपासून ठाऊक होतं. "माझी आई आहे," मी म्हटलं, मराठीत, त्या पोरीला एक शब्द कळणार नाही हे माहीत असूनही. आणि मग अक्काकडे बघून पुन्हा, "आई."

अक्काचा हात थांबला. तिने वर बघितलं. मला वाटलं ती रागावेल, फाटकाची आठवण देईल. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या वेणीकडे.

"रिबीन सैल झालीय तुझी," ती म्हणाली. "हिचं झालं की बांधते."

तिच्यासमोर अजून तीन-चार पोरी उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे जाऊन रांगेत उभी राहिले.